"या ताई, बसा. पाणी आणू?" दुकानांच्या मालकांना एका सेल्सवुमनचं खुलं पत्र

प्रति,
दादरमधल्या आमच्या साडीच्या दुकानाचे शेठ,
आणि मुंबईत साड्या, कापड, चपला, भांडी, दागिने विकणाऱ्या दुकानांचे सगळे मालक यांस,

सप्रेम नमस्कार.

शेठ, दुकानात माझं पहिलं वाक्य ठरलेलं आहे. "या ताई, बसा. पाणी आणू?" गेली १९ वर्षं मी ते म्हणतेय. दिवसाला तीस-चाळीस वेळा, लग्नसराईत तर मोजतच नाही. तुम्हीच शिकवलंत मला. गिऱ्हाईक उन्हातून येतं, त्याला आधी पाणी, मग भाव. हातात गार ग्लास आला की बाई टेकते, टेकली की पदर उलगडता येतो, पाच-सहा पदर उलगडले की एक साडी जाते. मोठ्या शेठनी घालून दिलेली ही रीत आहे आणि चांगलीच आहे.

त्या ट्रेमधला एकही ग्लास आमच्यासाठी नसतो, एवढंच. त्याबद्दल आजवर कधी तक्रार केली नाही, कारण काउंटरखाली आपापली बाटली असायची. गिऱ्हाईक आरशासमोर गेलं की खाली वाकून दोन घोट घ्यायचे, की झालं.

पाडव्याची गर्दी ओसरली आणि पुढच्याच सोमवारी पोटमाळ्यावर हजेरीच्या मशीनशेजारी एक कागद चिकटवलेला दिसला. सेल्स स्टाफनं पाण्याची बाटली गादीवर, काउंटरवर किंवा काउंटरखाली ठेवायची नाही. बाटल्या पोटमाळ्यावरच्या लोखंडी कपाटात राहतील. जेवणाची सुट्टी सोडून बाथरूमला दिवसातून दोनदाच जायचं, आणि जाताना गल्ल्यावरच्या वहीत वेळ लिहून किल्ली न्यायची. दहा मिनिटांवर वेळ गेला तर अर्ध्या तासाचा पगार कापणार. खाली शिक्का.

त्या कागदाच्या शेजारीच जानेवारीतल्या आरोग्य शिबिराचं पोस्टर अजून आहे. तुम्हीच ते शिबिर ठेवलं होतंत, वडापाव आणि चहासकट. निळ्या थेंबाचं चित्र आणि मोठ्या अक्षरांत 'भरपूर पाणी प्या, निरोगी राहा'. दोन्ही कागदांना सेलोटेप मात्र एकाच रिळाची आहे.

मी आधी तुमच्याशीच बोलायला आले होते. तुम्ही म्हणालात, मॅनेजरशी बोला. मॅनेजर म्हणाले, शेठचा निर्णय आहे. दोघांच्या मध्ये दोन आठवडे गेले. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. दुकानाचं नाव लिहीत नाही, माझंही नाही. दुकानाची पत राहावी असं मला तुमच्याइतकंच वाटतं, माझी चूल त्यावर पेटते. आणि संध्याकाळच्या गाडीत भेटणाऱ्या, दुसऱ्या दुकानांतल्या बायकांचं ऐकलं तर असला कागद फक्त आपल्याच भिंतीवर आहे असंही नाही.

आता माझा दिवस ऐका. मी बदलापूरहून येते. सकाळी पाणी येतं तेव्हा भरायची घाई असते, प्यायची नाही. साडेआठच्या आत स्टेशनवर. लोकलच्या डब्यात शौचालय नसतं हे तुम्हाला माहीत आहे, आणि दादरपर्यंत सव्वा तास उभं राहायचं असतं. म्हणून घरून निघताना कपभर चहा, त्यावर घोटभर पाणी, बास. साडेदहाला दुकान उघडतं. रात्री नऊला शटर खाली येतं आणि पावणेअकराला मी घरात पाऊल टाकते. एवढ्या वेळात नव्या नियमानं दोनदा आणि जेवणाच्या वेळी एकदा. तीही एका बाथरूमसाठी आठ बायका, सहा पुरुष आणि गोदामातली दोन पोरं अशी रांग असते. शिवाय बाथरूमच्या निम्म्या जागेत जुने पुतळे आणि रिकामे खोके आहेत. कडी लागत नाही, म्हणून एकीनं बाहेर उभं राहायचं. मग तिच्याही नावावर वेळ लागतो.

याला आम्ही एकच उपाय काढलाय. मुंबईतल्या निम्म्या नोकरदार बायकांनी तो काढलेला असेल, फक्त कुणी मोठ्यानं बोलत नाही. आम्ही पाणी पीत नाही.

तुम्ही बाटली वर कपाटात ठेवलीत म्हणून तेवढं थोडंसं कमी झालं, असं मॅनेजर समजतात. तसं नाही शेठ. बाटली काउंटरखाली होती तेव्हाही आम्ही हिशेब करूनच प्यायचो. आता दोनदाची मर्यादा आली म्हटल्यावर हिशेबच संपला. किल्लीसाठी गल्ल्यावर जायचं, तिथे तुमचा पुतण्या बसलेला, त्याच्यासमोर वहीत वेळ लिहायची. विशीतल्या मुली ते करत नाहीत. त्या सकाळपासून घोटभरही घेत नाहीत. एक तर चक्क ओठ ओले करून थुंकून टाकते.

शिबिराच्या डॉक्टरांनी आम्हाला ८-१० ग्लास सांगितले होते. घरी धाकटीला विचारलं. ती नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि आईच्या प्रत्येक दुखण्यावर तिचं एक पुस्तक उघडतं. ती म्हणाली, आकडा दगडावरची रेघ नाही. वरणात, भाजीत, कलिंगडात, ताकातही पाणी असतं; शरीराला लागणाऱ्या पाण्याचा साधारण पाचवा हिस्सा जेवणातून मिळतो. बाईमाणसाला जेवणातलं धरून दिवसाला साधारण दोन लिटर लागतं, आणि घाम गाळणाऱ्याला, मुंबईच्या मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात, त्याहून जास्त. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल त्यानं डॉक्टरला विचारूनच प्यावं. बाकीच्यांना घरच्या घरी कळतं: लघवी फिकट पिवळी असली तर ठीक, गडद झाली तर पाणी कमी पडतंय. माझी गेली कित्येक वर्षं हळदीच्या पाण्यासारखी होती. ती मला ओळखीची वाटायला लागली होती.

तिनं आणखी एक सांगितलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. आपली दोन मूत्रपिंडं मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात, त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर बाहेर टाकतात. मला लगेच आपली गादी आठवली. १८० साड्या उलगडायच्या, त्यातल्या दीड-दोन विकायच्या, बाकी सगळ्यांच्या घड्या घालून परत कपाटात. रोज, सुट्टी न घेता. आणि पाणी कमी मिळालं की तीच मूत्रपिंडं चिक्कूपणा करतात. थोड्याशा पाण्यात सगळी घाण कोंबून बाहेर काढतात. त्या दाट पाण्यात क्षार एकमेकांना चिकटतात, खडा धरतो. त्याला मुतखडा म्हणतात. ज्याला एकदा झाला त्याला डॉक्टर सांगतात, लघवीच दिवसाला दोन-अडीच लिटर व्हायला हवी इतकं पाणी प्या. दोनदाच्या नियमात अडीच लिटर कसं बसवायचं ते मॅनेजरनी गणित करून दाखवावं.

बायकांचं आणखी एक आहे, आणि ते लिहायला मी लाजणार नाही कारण न लाजता सोसलंय. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटरचा. पुरुषाचा वीसच्या आसपास. जंतूंना बाईच्या पिशवीपर्यंत पोचायला तेवढंच अंतर. येणारी-जाणारी लघवी ते जंतू धुऊन काढते. पाणीच प्यायलं नाही आणि वर तासन्‌तास तुंबवून धरलं, तर त्यांना घर करायला मोकळं रान. आमच्याकडे याला 'उन्हाळी लागली' म्हणतात. माझ्या आईच्या काळी उन्हाळी लागली की धण्याजिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळ्याचं पाणी द्यायचे. आता वाटतं, त्या सगळ्या औषधांत खरं औषध तांब्याभर पाणीच असावं.

नुसतं वाटतं असं नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास धाकटीनं मला वाचून दाखवला. पुन्हापुन्हा असा संसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पाणी पिणाऱ्या १४० बायका घेतल्या. निम्म्यांना सांगितलं, रोज पिता त्यावर दीड लिटर आणखी प्या. उरलेल्यांना काही बदलायला सांगितलं नाही. वर्ष संपलं तेव्हा जास्त पाणी पिणाऱ्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला होता, दुसऱ्यांना ३.२ वेळा. गोळी नाही, इंजेक्शन नाही, साधं पाणी. जवळजवळ निम्मं दुखणं गेलं.

माझं सांगते. दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, लग्नसराई ऐन भरात होती. आठवडाभर जळजळ होत होती. मी मेडिकलमधून एक पुडी घेतली आणि तशीच उभी राहिले, कारण त्या दिवसांत खाडा केला तर दोन दिवसांचा पगार जातो. एका रविवारी नवरीच्या आईला शालू दाखवता दाखवता मला हुडहुडी भरली. एसीची थंडी वाटली. नंतर कमरेत मागच्या बाजूनं अशी कळ आली की हातातली थप्पी सुटली. ताप १०३. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता, आणि सोनोग्राफीत डाव्या बाजूला सहा मिलिमीटरचा खडा. चार रात्री सलाइन. बिल ३८ हजार. नवऱ्यानं सोसायटीतून उचल घेतली. तुम्ही पाच हजार पाठवलेत, ते मी विसरले नाही, पण नऊ दिवसांचा पगारही कापलात, तोही विसरले नाही. डिस्चार्जच्या वेळी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाणी किती पिता?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "काम काय करता, दुकानात?" म्हणजे त्यांनाही आम्ही नव्या नव्हतो.

हे फक्त माझ्यापुरतं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. आमच्यातली सगळ्यात लहान मुलगी मागच्या आठवड्यात दुपारी चारला चक्कर येऊन पैठण्यांच्या कपाटाला टेकली आणि तशीच खाली घसरली. सकाळपासून एक चहा. एकीला साखर आहे. साखर वाढली की तहानही वाढते आणि लघवीही, तिनं दोनदाच्या नियमात काय करायचं? तो कागद लागल्यापासून तिनं रोज घरून जादा परकर आणायला सुरुवात केली. ती पन्नाशीची आहे, तुमच्या दुकानात माझ्याही आधीपासून. एकीला पाचवा महिना आहे. पाळीच्या दिवसांचं तर लिहीतच नाही, एवढंच सांगते की तुमच्या बाथरूममध्ये कचऱ्याचा डबा नाही.

आणि डोकेदुखी. संध्याकाळी सहाला आम्हा आठजणींपैकी निदान तिघी-चौघींचं डोकं दुखत असतं. बाम पुढेमागे फिरतो. शरीराच्या वजनाच्या एक-दोन टक्के पाणी कमी झालं तरी लक्ष लागेनासं होतं, चिडचिड होते, डोकं धरतं. गिऱ्हाइकानं सांगितलेला रंग चुकीचा काढतो, किंमत सांगताना अडखळतो, मग ओरडा बसतो. एसीत घाम दिसत नाही म्हणून तहान लागत नाही असं वाटतं. तहान लागल्याचं कळतं तेव्हा शरीर आधीच मागे पडलेलं असतं, आणि वय वाढलं की ती जाणीवही मंद होते. बद्धकोष्ठाचं सांगून तुमचा चहा बेचव करत नाही.

(एक कबुली. पाण्यानं सगळं बरं होतं असं मी म्हणत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी उठल्याउठल्या चार तांबे पाणी पिऊन मधुमेह घालवणारे काका आमच्या ग्रुपमध्येही आहेत. मला त्यांच्या पंगतीत बसवू नका.)

दारावरच्या काकांना विसरू नका. ते सकाळी अकरापासून उन्हात, गणवेश गळ्यापर्यंत बंद. गोदामातून गठ्ठे आणणारी पोरं घामानं निथळतात. मुंबईच्या दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता गळतो. शरीर थंड होतच नाही आणि पाणी मात्र जातं. त्यांना मागच्या गल्लीतली भिंत आहे असं मॅनेजर म्हणाले. भिंत ही सोय झाली का?

तुमची बाजूही मला ठाऊक आहे. फेब्रुवारीत २२ हजारांची पैठणी पाण्यानं खराब झाली. कागदात त्याचा उल्लेख नाही पण कारण तेच. शेठ, तुम्ही सीसीटीव्ही पुन्हा एकदा पाहा. ते पाणी आमच्या बाटलीतलं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या चार वर्षांच्या मुलानं ट्रे ओढला, तो ग्लास सांडला. गिऱ्हाइकाला पाणी देणं तुम्ही बंद केलं नाहीत, करूही नये. बंद झाली ती झाकण लावलेली बाटली.

दुसरं, "बायका बाथरूमच्या नावाखाली मोबाइल बघत बसतात." एखादी बसत असेल. एखाद्या पुरुषानं तंबाखू मळायला दहा मिनिटं घेतली तर त्याची वही नाही. आपण हिशेबाची माणसं, हिशेबच करू. एकीनं दिवसात चारदा जायचं ठरवलं, प्रत्येक वेळी सहा मिनिटं, तर चोवीस मिनिटं झाली. साडेदहा तासांतली चोवीस मिनिटं. माझ्या त्या एका आजारपणात तुमच्या काउंटरवरून नऊ दिवस गेले, तेही लग्नसराईतले. आठजणींचे वर्षभरातले खाडे वहीतून काढा, मग बोलू.

"पूर्वीच्या बायका कधी काही बोलल्या नाहीत." हो. त्या बोलल्या नाहीत. त्यांतल्या दोघींना मी भेटायला जाते. एकीला डायलिसिसवर जावं लागतं. कशामुळे ते मी डॉक्टर नसल्यामुळे सांगणार नाही.

"दादरला जागा कुठे आहे?" जागेचा भाव मला पाठ आहे, गिऱ्हाइकं गादीवर बसून तेच बोलतात. पण ट्रायल रूमसाठी मागच्या वर्षी जागा निघाली, सेल्फी काढायला आरशाचा कोपरा निघाला. बाथरूममधले पुतळे हलवले तर दुसरी मोरी बसते, मी टेपनं मोजलंय.

कायद्याचं नाव घेतलं की मालकांना राग येतो, म्हणून शेवटी घेते. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात कामगारांसाठी पिण्याचं चांगलं पाणी आणि शौचालयाची सोय ही मालकाची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे. मेहेरबानी म्हणून लिहिलेली नाही. बायकांसाठी स्वच्छ शौचालयं हवीत हे मुंबई उच्च न्यायालयानं पुण्याहून आलेल्या एका जनहित याचिकेवर २०१५ मध्ये महापालिकांना बजावलं आहे. त्याही आधी, २०११ पासून, याच शहरात बायकांनी 'राइट टू पी' म्हणून मोहीम चालवली; पुरुषाला मुतारी फुकट आणि बाईला त्याच कामाचे पैसे का, हा त्यांचा साधा प्रश्न होता. स्टेशनजवळच्या शौचालयात मी तो प्रश्न स्वतः विचारलाय. उत्तर मिळालं, "सुट्टे द्या."

केरळची गोष्ट तर प्रत्येक दुकानदारानं ऐकावी. कोळिकोडला मिठाई तेरुवू म्हणून बाजाराचा रस्ता आहे, आपल्या रानडे रोडसारखा. तिथल्या दुकानांतल्या बायकाही शौचालय नाही म्हणून दिवसभर पाणी पिणं टाळायच्या. पी. विजी नावाच्या, शिवणकाम करणाऱ्या बाईंनी त्यांना एकत्र आणलं. आधी मागणी शौचालयाची होती, मग दिवसभर उभं ठेवू नका, बसायला द्या, अशी. २०१८ मध्ये केरळ सरकारनं कायदा बदलला आणि दुकानात बसायची सोय देणं मालकांवर बंधनकारक केलं. २०२१ मध्ये तमिळनाडूनं तसाच कायदा केला. शिवणकाम करणाऱ्या एका बाईपासून सुरू झालं. आपल्या पिको-फॉलवाल्या ताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ मशीन थांबवून बसल्या होत्या.

आणि मुंबईच्या शेठ मंडळींना पाण्याचं पुण्य नवं आहे का? मशीद बंदरजवळ भात बाजारात केशवजी नायक कारंजं आहे, १८७६ चं. शहरातल्या बाजारांत, नाक्यांवर व्यापाऱ्यांनी आपल्या पैशानं अशा प्याऊ बांधल्या. माणसांसाठी वर नळ, जनावरांसाठी खाली कुंड. बैलगाडी हाकणाऱ्याला तहान लागते आणि बैलालाही लागते, हे त्यांना नोटीस न लावता कळत होतं. तेव्हाचे शेठ अनोळखी हमालाला पाणी पाजत होते. आम्ही तर तुमच्या वहीतली माणसं आहोत.

पाणी या शहरात येतं कुठून तेही बघा. तानसा, भातसा, वैतरणा, जवळपास शंभर किलोमीटर आणि त्याहूनही लांबून. एवढ्या लांबून ते दादरला तुमच्या टाकीपर्यंत पोचतं, आणि पोटमाळ्यावरून आमच्यापर्यंतच्या सोळा पायऱ्या मात्र त्याला उतरता येत नाहीत.

आता मागण्या. लांबण लावत नाही. पहिली, तो कागद काढा आणि दोनदाची मर्यादा रद्द केल्याचं तितकंच ठळक, शिक्क्यासह लिहून त्याच जागी लावा, तोंडी नको. वही आणि किल्ली बंद. बाथरूमला आतून कडी, दिवा, झाकणाचा कचऱ्याचा डबा आणि बादलीभर पाणी, हे या आठवड्यात होण्यासारखं आहे. खर्च एका साध्या सिल्कच्या साडीएवढाही नाही. बायकांसाठी वेगळं बाथरूम दिवाळीपर्यंत. खाली आणि वर, दोन्ही मजल्यांवर पाण्याचा फिल्टर किंवा माठ, आणि टाकी वर्षातून दोनदा धुतल्याची तारीख त्यावर लिहिलेली. झाकण लावलेली बाटली काउंटरखालच्या कप्प्यात ठेवायची परवानगी. त्यासाठी सगळ्यांनी एकसारख्या, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या बाटल्या आणायला आम्ही तयार आहोत, आमच्या पैशानं. गादीवर बाटली काढणार नाही हा आमचा शब्द. गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसायला प्रत्येक काउंटरमागे एक स्टूल. दारावरच्या काकांना छत्री आणि दर तासाला पाच मिनिटं आत. आणि आतापर्यंत बाथरूमच्या नावावर जो पगार कापला गेला तो परत. एकूण १,१४० रुपये होतात, चौघींचे, यादी मॅनेजरकडे दिली आहे.

बाकीच्या मालकांना एवढंच सांगते की आपल्या दुकानात संध्याकाळी सहाला एकदा आत फिरून या आणि बायकांना विचारा, आज किती पाणी प्यायलीस. लगेच उत्तर येणार नाही. थांबा थोडं.

शेठ, येत्या सोमवारपासून आम्ही आठहीजणी आपापल्या बाटल्या लोखंडी कपाटातून काढून काउंटरखालच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवणार आहोत, फॉलच्या रिळांच्या मागे, साड्यांपासून दूर. मागच्या दाराची चावी माझ्याकडे असते, त्यामुळे साडेदहाच्या आधीच त्या तिथे असतील. वहीत नाव लिहिणार नाही. पगार कापायचा तर आठजणींचा कापावा लागेल, आणि अक्षय्य तृतीया बारा दिवसांवर आली आहे.

सोमवारी तुम्ही आलात की नेहमीसारखी मीच पाणी घेऊन येईन. या वेळी ट्रेमध्ये दोन ग्लास असतील.

आपली,
शालूंच्या काउंटरवरची